अभंगाचे उत्तरार्ध

आज संध्याकाळी आईचे टाळ चिंचेने घासायला घेतले आणि त्या आंबट, पितळी वासाने मी मारेगावच्या आमच्या ओसरीत परतले.

संशोधनासाठी मी बंगळुरूला निघण्याच्या आदल्या दिवशी तिथे बायकांचे भजन होते. नेहमीप्रमाणे आई चरणाचा पूर्वार्ध गात होती आणि उत्तरार्ध मी उचलत होते. त्या अभंगात भक्त देवाला विनवतो, की मला तुझ्यात विरघळवू नकोस, थोडे वेगळेच राहू दे.

"एवढं प्रेम हाय, तं वेगळं राहाचं कायले?" मी टाळ थांबवून विचारले.

"डोयाले चिकटवलेलं काही दिसते का वो, शास्त्रीणबाई?" आई म्हणाली. "थोडं दूर धरलं, तं दिसते. जाय तू. मले दिसत राह्यशीन."

बायका हसल्या. स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला लागणारे किमान अंतर मला आठवले. आईचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पुढच्या चरणात तिचा आवाज कापला, तो मात्र कोणत्याच नियमात बसला नाही.

आई जाऊन महिना झाला. टाळ आता लखलखीत झाले आहेत. तोच अभंग म्हणावा म्हणून मी ते वाजवले आणि वाट पाहत राहिले. मला केवळ उत्तरार्धच पाठ आहेत.