शाब्बासकाकांकडची मॅच

आपल्यावर झालेला गोल सुंदर होता, असं तुम्ही कधी चारचौघांत मोठ्याने म्हणालात का? मनातल्या मनात म्हणालात ते धरायचं नाही. मी असा एकच माणूस पाहिला. नाहूरला आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे ते. त्यांना सगळे शाब्बासकाका म्हणत.

चांगलं केलेलं काम दिसलं की त्यांच्या तोंडून ‘शाब्बास!’ निघालंच. अरुंद गेटमधून एका दमात रिक्षा आत घालणाऱ्याला शाब्बास, कपड्यांची घडी नीट घालणाऱ्या इस्त्रीवाल्याला शाब्बास. एकदा पोरांनी मारलेला चेंडू त्यांच्याच खिडकीची काच फोडून आत आला. काका गॅलरीत आले. खाली पोरं गारठलेली. “कोणी मारला रे?” एकाने भीत भीत हात वर केला. “शाब्बास! काच गेली ती गेली मेल्या, पण फटका काय होता!”

भांडुपच्या एका कारखान्यात त्यांची नोकरी झाली होती आणि कारखान्याच्या हॉकी संघात ते फुल बॅक खेळले होते. काकी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाच्या पैशांतून लाकडी शटरचा टीव्ही घेतला. इमारतीतला तो पहिला टीव्ही. मॅच असली की ते सतरंजी अंथरायचे, मोठ्या टोपात चहा उकळायचे आणि दार उघडं ठेवून बसायचे. अख्खी इमारत त्या एका खोलीत मावायची. “टीव्ही मी माझ्यासाठी घेतला नाय,” ते मला म्हणाले होते. “एकट्याने बघायला भिंत पण चालते.”

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पुरुषांच्या एका आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धेत आपली पाकिस्तानशी गाठ पडली. त्या दिवशी काकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपण हरत होतो. तेवढ्यात त्यांचा एक फॉरवर्ड आपल्या तिघांना चकवत आत घुसला आणि त्याने चेंडू अलगद गोलमध्ये सरकवला. अख्ख्या खोलीत एकट्या काकांनी टाळी वाजवली. “शाब्बास रे! तेची दृष्ट काढूक व्हयी!”

तळमजल्यावरचे सावंत उठून उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. “काका, माझ्यासमोर टाळ्या वाजवता?” ते एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांच्यामागे एकेक जण उठला. दाराबाहेरच्या ढिगातून आपापल्या चपला शोधण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मॅच अजून संपली नव्हती.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मोर्चे, सभा, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं यांनी डोकं कायम तापलेलं. मी लगेच एक पत्रक लिहिलं, ‘इमारतीतील देशभक्तांना जाहीर सवाल’, आणि जिन्याखाली, सावंतांच्या दारासमोरच चिकटवलं. काकांनी ते वाचलं आणि मला घरी बोलावलं.

“ता आधी काढ.”

“का काढू? तुमचं काय चुकलं?”

“चुकलं नाय. तो पोरगा बंदूक घेऊन नव्हता आला, स्टिक घेऊन आला होता. पण सावंताचा भाऊस गेलो तो गेलोच ना? त्याच्या दारात जाऊन सवाल कसले विचारतोस?” मग म्हणाले, “झिला, माका बाजू घेणारो नको. शेजारी बसणारो होयो.”

मी पत्रक काढलं. पण माझी मतं आजही तीच आहेत. जो देश समोरच्याच्या चांगल्या खेळाला टाळी वाजवायला घाबरतो, तो मैदानात उतरायच्या आधीच हरलेला असतो. सावंतांच्या दुःखाचा मान राखूनही मी हे म्हणेन.

पुढची मोठी स्पर्धा आली तोवर घरोघरी टीव्ही आले होते. त्यामुळे न येण्यासाठी कोणाला राग धरायचीही गरज उरली नव्हती. काकांनी सतरंजी मात्र पूर्ण अंथरली होती. चहा त्याच टोपात. एवढ्या मोठ्या खोलीत आम्ही दोघंच. आपण गोल केला तेव्हा डावीकडच्या भिंतीतून, खालून, वरून एकदम आरोळी उठली. काकांचा चेहरा उजळला. भिंतीकडे वळून त्यांनी हाक दिली, “बघितलंत काय हो? काय गोल होता!” पलीकडून उत्तर आलं नाही. काका उठले आणि थंड झालेला चहा परत गॅसवर ठेवला.

दोन वर्षांनी ते गावी, पुतण्याकडे राहायला गेले. टेम्पोत सामान चढवायला मी होतो. सावंत खिडकीत उभे होते. “येतंय हां, सावंत,” काका म्हणाले. सावंतांची मान किंचित हलली, मग ते आत गेले. त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं.

बऱ्याच वर्षांनी एकदा सावंतांनी मला जिन्यात गाठलं. “काय रे, म्हाताऱ्याचा गावचा पत्ता आहे का तुझ्याकडे? यंदा मे महिन्यात तिकडेच जातोय. म्हटलं, डोकावून येऊ.” शिमग्यातच काका गेल्याचं पुतण्याने मला कळवलं होतं. मी ते सांगितलं. सावंत पायरीवरच बसले. मीही त्यांच्या शेजारी बसलो.

तुमच्याही इमारतीत असं एक दार असेल. कोण बरोबर, कोण चूक, ते नंतर ठरवा. हा अंक बाजूला ठेवा, जिना चढा आणि आज संध्याकाळीच त्या घरी जाऊन बसा.