अख्खा पेढा

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या बाईला साखरपुड्याला बोलावू नये, असं आता आमच्या घरात ठरलंय. ठरू दे.

प्रयोगशाळेत माझं सगळं आयुष्य खर्ऱ्यात गेलं. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला तो खर्रा पानठेल्यावरून आणायचा, त्याचा अर्क तोंडातल्या पेशींवर घालायचा आणि त्या कशा बिघडतात ते पाहत बसायचं. पेपर छापून आले, बढती झाली. खर्रा मात्र एकाचाही सुटला नाही, माझ्या सख्ख्या दादाचासुद्धा नाही. "तुह्या पेशी कच्च्या हायेत वं, माहं तोंड पक्कं हाय," म्हणून दात काढायचा मेला. आणि जेवताना वहिनीच्या अंगावर ताट ढकलायचा, "किती तिखट टाकलं वं? तोंड जळलं!" बिचारीनं सावजी रस्सा करणंच सोडलं.

त्याच्या लेकीचा साखरपुडा बेसा भागातल्या एका लॉनवर होता. अंगठ्या झाल्या. पोरीनं मुलाला अख्खा पेढा भरवला, त्यानं नुसता कोपरा कुरतडला. "लाजून राहिले जावईबापू!" बायका खिदळल्या. लाजतो कसला डोंबल! त्याचं तोंडच उघडत नव्हतं. मी उठले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाला पाहू. धडधाकट माणसाची जातात."

त्याचं एक गेलं.

खर्ऱ्यानं गाल आतून आवळत आलेत, साधं तिखटही झोंबत असेल, ही कर्करोगाच्या आधीची पायरी आहे, उद्याच तपासून घ्या, असं मी सांगितलं. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मग दोन्हीकडच्यांनी मिळून ते गिळून टाकलं असतं. मुलगा मान खाली घालून बसला, त्याची आई रडायला लागली. पाहुणे वाढलेली ताटं सोडून निघून गेले.

दादा अंगावर धावला. "तुहं लग्न नाही झालं, म्हणून पोरीचं मोडून राहिली का वं?"

जिव्हारी लागलं. मी काही बोलायच्या आत त्याची लेकच पुढं आली. डोळे सुजलेले, अंगठी अजून बोटातच.

"बाबा, आता तुम्ही उघडा."

तो हसण्यावारी न्यायला लागला. तिनं त्याचा जबडाच धरला. तिची दोन बोटं दातांवरच अडली, तो कळवळला.

वहिनी त्याच्यासाठी घरून वेगळं आणलेलं बिनतिखटाचं वरण वाटीत घेऊन उभी होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजे तिखट मी जास्त टाकत नव्हती."