कोळंब्यांच्या टाकीतला निळ्या

ती घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी सहाला स्कूटरवर निघायचं, दहाच्या आत पंधरा-सोळा घरं उरकायची आणि नमुन्यांची थंड पेटी प्रयोगशाळेत पोचवायची. हात असा हलका की सुई कधी आत गेली ते समोरच्याला कळायचं नाही. ज्यांच्या शिरा भल्याभल्यांना सापडायच्या नाहीत, ती माणसं मुद्दाम फोन करून सांगायची, "त्या बाईंनाच पाठवा."

चष्मेवाले काका त्यांतलेच एक. चाळीस वर्षं चष्म्यांचं दुकान चालवून ते घरी बसले होते. बायको गेली, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, आणि काकांच्या बाहेरच्या खोलीत सहा फूट लांब, खाऱ्या पाण्याची, प्रवाळांनी भरलेली टाकी होती. पहिल्या दिवशी काकांचा दंड बांधता बांधता तिची नजर त्या टाकीवर गेली आणि ती सुई उघडायचीच विसरली.

"तुला रक्त घ्यायचंय की मासे बघायचेत?" काकांनी विचारलं.

"आधी रक्त, मग मासे," ती म्हणाली. त्या सकाळी पुढच्या तीन घरांना ती उशिरा पोचली आणि तिन्ही ठिकाणी बोलणी खाल्ली.

वर्षभरात तिच्याही घरी चार फुटांची टाकी आली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलायला तिखट आणि मनानं मऊ. "दोन खोल्यांचं घर, त्यातली एक माशांची. आता मी लिफ्टमध्येच झोपत जातो," असं म्हणत त्यानंच टाकीखालचा लोखंडी घोडा जोडून दिला. लेक तेव्हा पाच-सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. पण टाकीसमोर भिंगरी तासतासभर पालथी पडून राहायची.

काकांनी पहिले सात-आठ महिने तिला एकही मासा आणू दिला नाही. नुसते दगड, खारं पाणी आणि काच साफ करणाऱ्या गोगलगायी. मग एक-एक जीव. प्रत्येक वेळी काका तिची उलटतपासणी घ्यायचे: हा काय खातो? मोठा झाल्यावर केवढा होतो? आपल्या बिळापाशी दुसऱ्याला येऊ देतो का? एकदा तिनं त्यांना न विचारताच लांब चोचीचा एक पिवळाधमक मासा आणला. दिसायला इतका गोड की भिंगरी त्याच्या पिशवीला गाल लावून बसली होती. काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "परत दे. हा प्रवाळांचे कोंब खुडून खातो."

"पण दुकानदार म्हणाला चालेल..."

"दुकानदाराला तो विकायचाय. तुला सांभाळायचाय."

त्या दिवशी तिला मनातून राग आला होता. पण मासा परत गेला. तिच्या टाकीत जे काही सुखानं नांदत होतं, ते काकांच्या या आडमुठेपणामुळेच, हे तिला पुढे कळून चुकलं. नारिंगी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी होती. पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या दोन लाल कोळंब्या होत्या. त्या माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करायच्या, म्हणून भिंगरीनं त्यांचं नाव पार्लरवाल्या ठेवलं होतं. आणि वाळूत एक अजब बिऱ्हाड होतं. एक कोळंबी दिवसभर बीळ खणायची. तिला धड दिसायचं नाही, म्हणून बोटभर लांबीचा एक मासा बिळाच्या दारात पहारा द्यायचा. कोळंबीची एक मिशी कायम त्याच्या अंगाला लागलेली. माशानं शेपटी हलवली की कोळंबी आत. त्या दोघांना एकत्र बिऱ्हाड थाटायला पाच आठवडे लागले होते, आणि ते पाचही आठवडे काका रोज फोन करून विचारत होते, "जमलं का त्यांचं?"

मग एका सकाळी काका खाऱ्या पाण्याची बादली उचलताना घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा आला आणि त्यानं ठरवूनच टाकलं: आता एकटं राहायचं नाही. मुलाचं घर लहान, त्यात सहा फुटांची टाकी ठेवायला जागा नव्हती. आठवडाभरात दगड, प्रवाळ, मासे, सगळं वाटलं गेलं. उरला एकटा निळ्या.

निळ्या म्हणजे ट्रिगर जातीचा मासा, वीतभराहून मोठा, गडद जांभळट निळा, तोंडात लालचुटूक दात. नऊ वर्षांपासून काकांकडे. काकांच्या हातून खायचा, आणि ते खोलीत आले की काचेला नाक लावून उभा राहायचा. पूर्वी कधीतरी काकांनीच तिला सांगितलं होतं की याच्यासाठी त्यांनी टाकीत कधी कोळंबी ठेवली नाही. हे लाल दात कवच फोडण्यासाठीच असतात.

"याला तू घेऊन जा," काका म्हणाले.

"काका, माझ्याकडे कोळंब्या आहेत."

"तो नाही खात."

"तुम्हीच म्हणाला होतात..."

"तेव्हा लहान होता. आता म्हातारा झालाय, मवाळ झालाय. माझ्याकडे होत्या की मध्यंतरी दोन कोळंब्या. ढुंकूनसुद्धा बघितलं नाही त्यानं."

काकांकडे कधीच कोळंब्या नव्हत्या. सहा वर्षं ती त्या टाकीसमोर बसत आली होती. ज्या माणसानं तिला एक पिवळा मासा ठेवू दिला नव्हता, तो आता तिच्या नजरेला नजर न देता, हातातल्या जाळीची दांडी चोळत खोटं बोलत होता. तिनं बादली पुढे सरकवली. निळ्याला पाण्यातून काढलं तेव्हा तो घोगऱ्या आवाजात कुरकुरला. काका म्हणाले, "हं, हं, झालं हं." मग दुसऱ्या खोलीत निघून गेले.

घरी नवऱ्यानं झाकण उघडून बादलीत पाहिलं. "हा पार्लरमध्ये आलाय की पार्लर खायला?"

"काका म्हणाले नाही खात."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिनं झाकण परत लावलं.

पहिले दहा दिवस तिचा जीव टांगणीला होता. आणि नवल म्हणजे काहीच झालं नाही. ती निळ्याला दिवसातून तीनदा पोटभर खाऊ घालत होती. पाचव्या दिवशी एक पार्लरवाली चक्क त्याच्या गालावर चढली, आणि निळ्या तोंड उघडून शांत उभा राहिला. भिंगरीनं टाळ्या पिटल्या. तिलाही वाटलं, आपणच उगीच शंका घेतली, काका खरं बोलत असतील. तिनं काकांना फोन करून ते सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "हो? अरे वा."

अकराव्या दिवशी त्या पार्लरवालीनं कात टाकली. कात टाकली की कोळंबीचं अंग दिवसभर लोण्यासारखं मऊ असतं, म्हणून ती कुठेतरी लपून बसते. भिंगरी शाळेतून आली तेव्हा वाळूवर पांढऱ्या मिशांचे दोन धागे पडले होते, आणि निळ्या दुसरीला दगडाच्या फटीतून ओढून काढत होता. भिंगरीनं काच बडवली, ओरडली. आई घरी पोचली तेव्हा पोरीचा आवाज बसला होता.

"तुला माहीत होतं ना?" भिंगरीनं विचारलं. "मग का आणलास?"

"काकांना नाही म्हणवेना."

"पण पार्लरवाल्या काकांच्या नव्हत्या. आपल्या होत्या."

ती जाळीनं वाळूवरचे ते दोन धागे काढू लागली.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं प्लास्टिकची जाळी कापून टाकीच्या मधोमध पडदा उभा केला. एका बाजूला खणती कोळंबी, तिचा पहारेकरी आणि नारिंगी जोडी, दुसऱ्या बाजूला निळ्या. दोन फुटांच्या जागेत तो वळायचा, जाळीला धडकायचा, पुन्हा वळायचा. आठवड्याभरात त्याचं नाक खरचटलं आणि रंग धुतल्या कापडासारखा फिका पडला.

दर पंधरा दिवसांनी ती काकांच्या मुलाकडे रक्त घ्यायला जायची. दंड बांधला की काका विचारायचे, "कसा आहे?"

"मजेत," ती म्हणायची आणि सुई आत घालायची. आजवर तिनं कुठल्याही माणसाला 'दुखणार नाही' असं खोटं सांगितलं नव्हतं. 'थोडं टोचेल' म्हणायची आणि तेवढंच टोचायची. आता मात्र दर खेपेला खोटं बोलताना तिचं मन तिला खात होतं.

काका काय समजायचं ते समजले असावेत. एका रविवारी ते न सांगताच गाडी करून, काठी टेकत तिच्या दारात उभे राहिले. टाकीसमोर आले. निळ्यानं त्यांना ओळखलं, काचेला नाक लावलं. काकांनी त्या नाकावरची जखम पाहिली, मग जाळी पाहिली. पार्लरवाल्यांचा रिकामा कोपराही पाहिला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते खुर्चीवर बसले. "मी खोटं बोललो," काका म्हणाले. "दुकानात नेऊन दिला असता, तर तिथे बारा जणांच्या गर्दीत मेला असता. तुझ्याकडे असला तर मला बघायला तरी मिळेल, असं वाटलं."

तिनं चहा केला. मग हळूच विषय काढला. एका दाताच्या दवाखान्यात आठ फुटांची टाकी होती, मोठ्या माशांची, प्रवाळ-कोळंबी काही नाही. दुकानदारानं तिथे विचारून ठेवलं होतं, ते लोक आनंदानं घ्यायला तयार होते.

"दवाखान्यात?" काकांचा चेहरा पडला. "तोंडात यंत्रं घातलेल्या लोकांसमोर? तिथे त्याला हातानं कोण भरवणार? नाही. थोडे दिवस थांब. मी मुलाशी बोलतो, गॅलरीत जागा करून देईल तो."

मुलगा जागा करून देणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ती थांबली. पुन्हा एकदा तिच्या तोंडून 'नाही' निघालं नाही.

तीन आठवडे गेले. एका सकाळी, ती कामावर असताना, निळ्यानं जाळीचा एक कोपरा दातांनी तोडला. ती परतली तेव्हा तो पलीकडे होता. बीळ उकरून सपाट झालेलं. खणत्या कोळंबीची नांगी तेवढी वाळूवर पडली होती. नारिंगी जोडीतल्या मादीची शेपटी अर्धी फाटली होती. पहारेकरी मासा सपाट वाळूवर, जिथे दार असायचं, तिथेच बसून होता आणि शेपटी हलवत होता. आत पळायला कोणी नव्हतं.

ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं बादली घेतली, निळ्याला पकडलं आणि स्कूटरवर पायांमध्ये बादली धरून तडक दवाखाना गाठला. कुणाला फोन केला नाही. काकांना तर नाहीच.

पुढच्या खेपेला दंड बांधायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. हात पुढे केला. ती नळी भरेपर्यंत त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवून ठेवलं. कापूस दाबून धरताना ती म्हणाली, "काका, तिथे तो पूर्ण लांबी पोहतोय. आपण बघायला जाऊ."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारायला हवं होतं."

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून तिला कळलं की त्या घरानं दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांगितलंय.

चार महिने असेच गेले. मग काकांच्या सुनेचा फोन आला. रक्त घ्यायला येणाऱ्या नव्या मुलाला शीर सापडत नव्हती, दोन्ही हात काळेनिळे झाले होते. "त्यांना न विचारताच फोन केलाय," सून म्हणाली. "तुम्ही याच."

ती गेली. काकांचे हात तिनं हलकेच उलटसुलट करून पाहिले. मनगटाजवळची बारीक शीर शोधली, पहिल्याच टोचणीत नळी भरली. काकांनी सुस्कारा सोडला.

"खातो का?" त्यांनी छताकडे बघत विचारलं.

"खातो. परवाच जाऊन आले. नाकावरची जखम भरलीय, रंग परत आलाय."

"कुणाच्या हातून?"

"हातून नाही. वरून टाकतात."

काकांनी मान हलवली. खोटं ऐकायला मिळालं असतं तर कदाचित त्यांना बरं वाटलं असतं. पण तिनं ते सांगितलं नाही.

तेव्हापासून ती पुन्हा दर पंधरा दिवसांनी जाते. काका तिच्याशी रक्तातल्या साखरेबद्दल बोलतात, सुनेच्या हातच्या अळणी भाजीबद्दल बोलतात, भिंगरीचा अभ्यास विचारतात. निळ्याला बघायला ते एकदाही गेले नाहीत. मध्ये तिनं मुद्दामच विचारलं, "काका, त्या एकट्या पहारेकऱ्यासाठी नवी कोळंबी आणू म्हणते. लहान आणू की मोठी?" पूर्वी या एका प्रश्नावर त्यांनी तासभर घेतला असता.

"दुकानदाराला विचार," काका म्हणाले.

ती दुकानात गेली, पण दुकानदाराला विचारलं नाही. भिंगरीला शेजारी उभं करून एकेका कोळंबीकडे बघत बसली. खाते का, खणते का, हात जवळ नेला की कुठे पळते, सगळं पाहिलं. दोन तासांनी दोघी रिकाम्या हातांनी बाहेर पडल्या. त्या दिवशीच्या कोळंब्यांपैकी एकही तिच्या मनाला आली नव्हती. दुकानदारानं मंगळवारी नव्या येणार म्हणून सांगितलं होतं.