तुसाखालचा सत्तेचाळीस नंबर

आमच्या ह्यांना वेळ नसतो. ही तक्रार नाही, ओळख करून देतेय. तोशिमित्सु ओकुयामा, वय त्रेपन्न, नगरपालिकेचं रस्ते खातं, वेळ नाही, असं कार्डावर छापून घेतलं असतं तरी यामागाताच्या आमच्या डोंगराळ गावात कुणाला काही वावगं वाटलं नसतं.

स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर, त्यांचं कॅलेंडर लटकतं. नोकरी लाल शाईत, आळीच्या मंडळाचं अध्यक्षपद निळ्या शाईत, अग्निशमन दलाची कवायत काळ्या शाईत आणि बाग हिरव्या शाईत. जीवनात समतोल हवा, असं त्यांनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं. बायकोसाठी शाई उरली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, तू काय, रोजचीच आहेस."

हे घरजावई. साकाताच्या बंदरावरचे, मासे खाणाऱ्या घरातले. सत्तावीस वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन आमच्याकडे आले आणि आडनावसुद्धा आमचंच लावलं. घर माझ्या वडिलांनी बांधलेलं, शेत आईचं, चेरीची झाडं आजोबांची, मेल्यावर जायची जागासुद्धा ओकुयामांच्या थडग्यात. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं घरात काय होतं, तर दात घासायचा ब्रश. माझी आई, त्सुने, वाईट बाई नाही. त्यांना जावईबापू म्हणते, माशाचा मधला तुकडा त्यांनाच वाढते. पण "आमचं शेत", "आमची विहीर" म्हणताना तिच्या त्या आमच्यात हे नसायचे. तिला ते कळत नव्हतं. ह्यांना कळत होतं. सत्तावीस वर्षांत ह्यांनी जेवताना एकदाही दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. वाटी रिकामी झाली की पुढे सरकवायची आणि पुरे म्हणायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी बोलले नाही. बोलायला हे घरात कुठे असायचे?

घराच्या उत्तरेला एक पट्टी आहे. छपरावरचा बर्फ घसरून तिथे पडतो आणि एप्रिल उजाडला तरी हलत नाही. तिथे काही म्हणजे काही उगवत नाही, म्हणून आईने मोठ्या मनाने ती जावयाला दिली. त्याच सुमारास ह्यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मासिकात वाचलं की गिबोशी, म्हणजे रुंद पानांसाठी कुंडीत लावतात ती, हे कामात बुडालेल्या माणसाचं झाड आहे. सावली चालते, थंडी चालते, दुर्लक्ष तर फारच चालतं. लावा आणि विसरा. ह्यांना लावणं जमलं. विसरणं काही जमलं नाही. आता एकशे साठ कुंड्या आहेत, प्रत्येकीला नंबर आहे, आणि पहाटे पाचला नगरपालिकेचा हा अधिकारी जेवणाच्या काड्यांनी पानांवरच्या गोगलगायी वेचत उकिडवा बसलेला असतो. काड्या नंतर धुऊन ठेवतात, एवढं मात्र मान्य करायला हवं.

आता गंमत अशी की गिबोशी आम्हाला काही नवीन नाही. डोंगरातल्या ओढ्याकाठी ती आपोआप येते. वसंतात तिचे कोवळे कोंब कापायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, आंबट चटणीबरोबर खायचे. त्या भाजीला आम्ही उरुई म्हणतो. "म्हणजे तुम्ही एकशे साठ कुंड्या भाजी लावलीय," असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वेळ मिळाला नसेल, असंही असेल.

त्या सगळ्यांत सत्तेचाळीस नंबर ह्यांचा जीव की प्राण. दोन जातींची फुलं घेऊन, कुंचल्याने ह्याचा पराग त्याला लावून, ह्यांनी स्वतः तयार केलेलं रोप. तीनशे बियांतून तेवढं एकच असं निघालं की पानावर पांढऱ्या रेघा आणि देठ लालसर. अकरा वर्षं जपलं. जिल्ह्याच्या गिबोशी मंडळाचा नियम असा की रेघा लागोपाठ तीन वसंत तशाच आल्या, तर जूनच्या प्रदर्शनात रोपाला नाव मिळतं आणि नावाखाली ते करणाऱ्याचं नाव लागतं. दोन वसंत रेघा आल्या होत्या. हा तिसरा होता. एरवी कुठल्या गोष्टीचं कौतुक न करणारा हा माणूस मला हळूच म्हणाला होता, "मिसाओ, ह्या घरात मी माझं असं काहीतरी केलंय, एवढं तरी होईल." त्या दिवशी मी टोमणा मारला नाही.

आणि नेमका ह्याच वसंतात समतोल आला. बर्फाने रस्ते उखडले, लाल शाई संपत आली. मंडळाचा वाद निघाला, निळी शाई संपत आली. एप्रिलच्या शेवटी उशिराचं दव गोठणार अशी बातमी आली, तेव्हा ऑफिसला निघता निघता, एक बूट घातलेला आणि एक हातात, अशा अवस्थेत ह्यांनी सत्तेचाळीस नंबरला कुंडीतून काढून जमिनीत लावलं आणि वर भाताच्या तुसाचा गुडघाभर ढीग ओतला. कावळे लेबलं उपटून नेतात, म्हणून लेबलही ढिगाच्या आत पुरलं. माणूस मुळात काळजी घेणारा. फक्त घरात कुणाला सांगायला वेळ मिळाला नाही.

आता आमच्या गावात तुसाचा ढीग दिसला की शेंबडं पोरही सांगेल की खाली उरुई आहे. उन्हापासून झाकली की ती पांढरी, गोड, कुरकुरीत होते. आठ-दहा दिवसांनी ढीग उकरायचा आणि कापायची. साकाताच्या बंदरावर हे कोण शिकवणार? आणि सत्तावीस वर्षं इथे राहून शिकायचं म्हटलं, तर त्यासाठी कॅलेंडरात चौकोन हवा.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी अग्निशमन दलाची कवायत आटोपून हे दुपारी जेवायला बसले. समोर आळीच्या मंडळाचे कागद, नजर कागदात. आईने पांढऱ्या कोंबांची वाटी ठेवली. ह्यांनी एक कोंब तोंडात टाकला, मग दुसरा. मग कागद बाजूला ठेवला, जे मी आजवर पाहिलं नव्हतं. वाटी रिकामी केली. आणि आईकडे बघून म्हणाले, "आई, आणखी आहे का?"

माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. आई तर उजळूनच गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई टुणकन उठली आणि उरलेली सगळी भाजी त्यांच्या वाटीत रिती करत म्हणाली, "तुमचीच तर आहे, जावईबापू. तुमच्या त्या ढिगातली. एवढी वर्षं नुसती पानं लावत होतात, यंदा पहिल्यांदा काहीतरी खाण्याजोगं पिकवलंत."

हे उठले. घाईने नाही. मागच्या दाराने बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. विस्कटलेल्या तुसापुढे गुडघे टेकून बसले होते, हातात ते लेबल होतं. विळ्याने कापलेली पांढरी थोटकं जमिनीत दिसत होती.  त्यांच्या त्या अकरा वर्षांतले दोन घास मीही मिसो लावून खाल्ले होते.

हे परत आले, हात धुतले, जागेवर बसले.

"काय झालं? कडू निघाली?" आईने विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "चांगली झालीय." आणि दुसरी वाटी शेवटपर्यंत खाल्ली. मग कॅलेंडरापाशी जाऊन जूनमधल्या एका हिरव्या चौकोनावर रेघ मारली आणि निळ्या शाईच्या बैठकीला निघून गेले.

आई म्हातारी झालीय, मूर्ख नाही. भांडी विसळताना तिने मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं.  ह्यांची माफी वगैरे तिने मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या पट्टीवर स्टूल नेऊन बसली, एवढंच. तिसऱ्या दिवशीही. तिने काड्यांनी गोगलगायी वेचायला सुरुवात केली, आणि तिच्या काड्या ह्यांच्यापेक्षा जलद चालतात.

मेअखेरीस त्या थोटकांच्या आजूबाजूला सात कोंब फुटले. बारीक, पण पानांवर पांढऱ्या रेघा असलेले. प्रदर्शनाला जाण्याजोगे नव्हते. आणि कापणीनंतरची पानं गिबोशी मंडळ धरत नाही, म्हणजे तीन वसंत पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ह्यांनी वाकून बघितलं आणि "हं" म्हणाले. लाल शाईचा दिवस होता. रविवारी मात्र आता दुसरी वाटी मागतात, आणि आई ते ऐकण्यासाठी पहिली मुद्दाम कमी वाढते.

परवा शेजारची इसोबाई विळा घेऊन आली. ती आणि आई साठ वर्षं एकमेकींच्या वाफ्यातलं न विचारता कापत आल्या आहेत. ते सात कोंब बघून ती वाकली आणि आईला म्हणाली, "उशिराची उरुई दिसतेय गं."

आईने बसल्या जागेवरून काडी तिच्या मनगटावर ठेवली. "हात लावू नकोस. ते आमचं नाही. ते आमच्या तोशिमित्सुंचं आहे."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात काहीतरी त्यांचं झालं. ऐकायला हे नव्हते. बैठकीला गेले होते. मी आत आले, हिरवी शाई घेतली आणि त्या दिवसाच्या चौकोनात आईचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. वेळ मिळाला की वाचतील.