सातव्या पानावरची पाचवी फ्रेम

ज्ञानदेव हरपळ्यांना त्या नव्या सॉफ्टवेअरचा राग होता असं म्हणणं फारच सौम्य झालं. हडपसरच्या गाडीतळामागे अभयशेठच्या छापखान्यात हा माणूस अठ्ठावीस वर्षं डीटीपी करत होता. लग्नपत्रिका, अहवाल, औषधांची खोकी, काय वाट्टेल ते डोळे मिटून लावायचा. आणि एक दिवस शेठची सून ऋतुजा येऊन म्हणाली, "काका, जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. आता सगळं फ्रेममध्ये."

फ्रेममध्ये म्हणजे पानावर काहीही ठेवायचं तर आधी चौकट आखायची. मजकुराला वेगळी, फोटोला वेगळी. जुन्यात फोटोचा कोपरा ओढला की फोटो लहान व्हायचा. इथे कोपरा ओढला की चौकट लहान व्हायची, फोटो तेवढाच राहायचा आणि आतल्या माणसाचं कपाळ गायब. फोटो धरायला जावं तर चौकट हातात यायची, चौकट धरायला जावं तर फोटो सरकायचा. पडद्यावर लाल-निळ्या खुणांचा नुसता बाजार. ऋतुजाने चार वेळा शिकवलं. पाचव्यांदा विचारायची ज्ञानदेवांना लाज वाटली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने लेकीच्या वयाच्या मुलीपुढे किती वेळा मान खाली घालायची?

त्यात काम आलं वधूवर मेळाव्याच्या सूचीचं. पानाला आठ मुली, प्रत्येकीचा फोटो आणि शेजारी माहिती. ऋतुजाने प्रत्येक पानावरच्या मजकुराच्या आठही फ्रेम एकमेकींना जोडून दिल्या होत्या, म्हणजे मजकूर एकीतून पुढचीत आपोआप जाई. सातव्या पानावर पाचवी होती उत्कर्षा हरपळे. ज्ञानदेवांचीच मुलगी. एम.कॉम., पतसंस्थेत नोकरी, उंची पाच फूट एक, संपर्काला बापाचा मोबाइल. सलग तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी वर्ण 'सावळा' लिहिला होता, दुसऱ्या वर्षी बापाने आपल्या हातांनी तो 'निमगोरा' केला. पहिल्या वर्षी दोन फोन आले होते, दुसऱ्या वर्षी एकही नाही.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, तिचा फोन आला. "आप्पा, यंदा माझी माहिती छापू नका. लोक पान उलटतात आणि पुढे जातात. मला नाही सहन होत आता."

"अगं, पण तुझी आई..."

"आईचं मी बघते. तुम्ही शब्द द्या."

त्यांनी दिला. फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. हातासरशी त्यांनी पाचवी फ्रेम निवडली आणि उडवली. मग फोटो उडवला. रिकाम्या जागेत गणपतीचं चित्र बसवलं, जागा उरली की छापखान्यात बसवतात तसं. बाकीचं पान आधीच तपासून झालं होतं, त्यामुळे पुन्हा वाचलं नाही. पान गेलं छपाईला.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचा तुकडा उडवला की तो खरोखर उडायचा. नव्यात जोडलेली फ्रेम उडवली तर फ्रेम तेवढी जाते. मजकूर निमूट पुढच्या फ्रेममध्ये जाऊन बसतो. ऋतुजाने हे सांगितलं होतं. ज्ञानदेवांनी तेव्हा मान डोलावली होती.

रविवारी मेळावा वारज्याच्या मंगल कार्यालयात होता. ज्ञानदेव घरीच थांबले. अकराला पहिला फोन वाजला. "उत्कर्षाचे वडील का? मुलाला फोटो फारच पसंत पडला हो!"

ज्ञानदेवांनी सूची उघडली. गणपतीच्या खाली वाघोलीच्या एका गोऱ्यापान मुलीचा फोटो, आणि त्याच्या शेजारी उत्कर्षाची सगळी माहिती. खालच्या सगळ्या मुलींची माहिती एकेक घर सरकलेली. आठवीची माहिती पानावरूनच नाहीशी.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या फ्रेमच्या, ती शोधून काढणाऱ्याच्या आणि स्वतःच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग अभयशेठला फोन केला.

"वा," शेठ म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांचा अनुभव दिसला हो." आणि फोन ठेवून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापायला गेले.

दोन वाजेपर्यंत एकोणीस फोन झाले. ज्ञानदेव प्रत्येकाला 'नंतर बोलतो' म्हणत राहिले. त्यांची बायको सुंदराबाई मात्र हरखून गेली. "आवं, बोला की नीट! इतकी स्थळं चालून आल्यात."

"फोटो आपल्या पोरीचा न्हाई तो."

"न्हाई तर न्हाई. एकदा घरी तर येऊ द्या. बघतील, बोलतील."

ज्ञानदेवांनाही तेच वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा स्वतःचा संताप येत होता.

पुन्हा फोन वाजला. आतून उत्कर्षा आली आणि तिने तो उचलून स्पीकरवर टाकला. "नमस्कार. मी उत्कर्षाच बोलतेय. फोटो चुकून दुसऱ्या मुलीचा छापलाय. बाकी माहिती माझी आहे. बोला."

"अस्सं होय," पलीकडचा म्हणाला. "बरं, घरी विचारून कळवतो."

पुढचा फोन. तेच वाक्य, तेच उत्तर. तिसरा. चौथ्याने उत्तरही दिलं नाही, नुसता फोन ठेवला. उत्कर्षा रडली नाही. दर वेळी फोन टेबलावर ठेवायची आणि बापाकडे बघायची. ज्ञानदेवांना ते बघणं सोसेना. तीन वर्षं ही पोर काय सोसत होती ते त्यांना आज कानांनी ऐकावं लागत होतं.

पाचवा फोन वाजला तेव्हा त्यांनी तिच्या आधी उचलला. "अहो, तिची माहिती छापायचीच नव्हती," ते म्हणाले. आवाज कापत होता. "तिने नको म्हणून सांगितलं होतं. माझ्या हातून छापली गेली."

"नको म्हणजे? मग मुलीचं करणार काय तुम्ही?"

"ते ती ठरवील."

सुंदराबाई ताडकन उठून आत गेली आणि तिने भांडी आदळली. उत्कर्षा बापाशेजारी खुर्ची ओढून बसली. फोन काही थांबेना. ज्ञानदेव एकेक उचलत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते. संध्याकाळपर्यंत एकूण एकतीस झाले. एकतिसाव्याला त्यांचा आवाज कापला नाही.