उन्हात ठेवलेले सेल

मी काढलेल्या कंपनीत खाणीत उतरणाऱ्यांसाठी दिवे बनतात. परवा तिथल्या एका नव्या इंजिनिअर मुलीनं रिमोटचे संपत आलेले सेल खिडकीत उन्हाला ठेवले होते. ‘आजीची युक्ती, मॅडम,’ ती हसली. मी ते उचलले. तळव्याला ऊब लागली आणि मी बहात्तरच्या दुष्काळात, तिसगावच्या आमच्या कोरड्या विहिरीच्या काठावर जाऊन पोचले.

सुरुंगाच्या दारूचा वास अजून हवेत होता. आण्णा, माझे वडील, खाली उतरायला निघाले होते. बॅटरीचे सेल पत्र्यावर तापत होते.

‘जरा दम धरा की. तापू द्या अजून,’ आई म्हणाली.

‘लई तापले. आज पानी लागतंय बघ.’

त्यांनी ते गरम सेल माझ्या हातातून घेतले. पिवळा उजेड थरथरत खाली गेला. त्या उजेडात न उडालेला एक सुरुंग त्यांना दिसला नाही, आणि पहार नेमकी त्याच्यावर पडली.

दिव्यांचीच कंपनी का काढली, असं मुलाखतीत विचारतात. मी बाजारपेठेबद्दल बोलते.

पाणी त्याच दिवशी लागलं. आण्णांना शेवटची आंघोळ आम्ही त्याच पाण्यानं घातली.