मौनात सांगितलेलं

आमगावात आमच्या मागच्या गल्लीत एक ताई राहायला आल्या. माहेर गोंदियाचं, त्यामुळे बोलण्यात निम्मी हिंदी. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मी तेव्हा घरीच शिवणकाम करायची. एकदा त्यांचा ब्लाऊज द्यायला गेले, तर त्या मागच्या अंगणात डोळे मिटून बसलेल्या.

"ध्यान करून राहिल्या का?" मी विचारलं.

"करून नाही, बसून राहिली," त्या हसल्या. "करायचं काहीच नाही. ये, बस. बस इतनाही."

मला ते आवडलं. मांडी घाला, श्वास धरा, मन मारा असलं काही नव्हतं. खुर्चीत बसलं तरी चालायचं. मालगाडीचा आवाज आला तर येऊ द्यायचा, दुधाची आठवण आली तर तीही. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्या मागे जायचं नाही. मी रोज सकाळी जायला लागले. हळूहळू मशीनवर बसल्यावरही तसंच व्हायला लागलं. पाय चालत राहायचे आणि आत निवांत असायचं. घरात माझी चिडचिड कमी झाली, हे सगळ्यांत आधी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं.

असंच एकदा बसले असताना माझी पहिली मुलगी आठवली. ती जिवंत जन्मली नव्हती. तिच्याबद्दल आमच्या घरात कधीच कोणी बोलत नाही. पण पोटात होती तेव्हा मी तिचं मनातल्या मनात एक नाव ठेवलं होतं. ते कोणालाच ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या सकाळी मी खूप रडले आणि ताईंना ते नाव सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यावर मी विसंबले.

पुढे ताईंचं नाव झालं. नागझिऱ्याच्या जंगलाजवळ शहरातले लोक येऊन उतरतात, तिथे त्यांची शिबिरं व्हायला लागली. एकदा त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. माझा नवरा शेतकरी माणूस, त्याला यात काही रस नाही, पण माझ्यासाठी आला. आम्ही मागच्या रांगेत बसलो. ताई माइकवर बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माझ्याकडे एक बाई यायची. कपडे शिवायची बिचारी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी कशी रडले, कोणासाठी रडले, आणि शेवटी ते नावही. दोन वेळा. पुढच्या बायका डोळे पुसत होत्या.

मला तिथून उठताही येईना. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. परत येताना त्याने रस्त्यात मोटारसायकल थांबवली.

"आपल्या पोरीचंच सांगून राहिली होती न ते?"

मी मान हलवली.

"तिले सांगितलं. मले काऊन नाही?"

तो जंगलाकडे तोंड करून उभा राहिला. तो रडतोय हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. जे मी त्याला आपणहून, आमच्या घरात, कधीतरी सांगितलं असतं, ते त्याने परक्या लोकांमध्ये बसून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेले. "तुम्ही असं कसं केलं?"

"तुझं नाव घेतलं का मी? किसको पता चला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लोकांना किती फायदा झाला बघ. आलं ते जाऊ दे. अजून धरून बसलीस?"

"ते जाऊ द्यायचं नव्हतं, ताई. ते माझं होतं."

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं, अभ्यासात मागे पडलेल्या पोरीकडे पाहावं तसं. मला रागापेक्षा जास्त लाज वाटली. त्या अंगणात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

नंतर घरी एकटीने बसायचा प्रयत्न केला. डोळे मिटले की माइकवरचा तो आवाज यायचा. येऊ दे म्हटलं तर जायचाच नाही. मग मी सोडूनच दिलं.

धान घरी आलं तेव्हा अंगणात वाळत घातलं होतं. मी अनवाणी पायांनी ते फिरवत होते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. ऊन पाठीवर होतं. बऱ्याच वेळाने कळलं की आत काहीच चाललेलं नाही, फक्त पायाखालचे दाणे. बरं वाटलं. आणि लगेच राग आला, की हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

नवरा बैल सोडून आला. "काय झालं?" त्याने विचारलं.

मी बरं वाटलं ते सांगितलं. राग आला तोही सांगितला. तो चपला काढून दुसऱ्या टोकाकडून धान फिरवायला लागला.